न म्हटलेली ओळ

थंडीच्या दिवसांत परभणीच्या आमच्या वसाहतीत अजून एका घरी अंघोळीचं पाणी तुराट्यांवर तापतं. बाकीच्यांच्या गच्चीवर सौर यंत्रं आली, न्हाणीघरांत गिझर लागले. पण त्या घरातली म्हातारी गावाकडून तुरीच्या वाळक्या काड्यांचे भारे आणवते आणि उजाडायच्या सुमाराला परसात चूल पेटवते. धूर पातळ असतो, किंचित गोडसर, डोळ्यांना फारसा न झोंबणारा. खिडकीतून तो आत आला की माझ्या हातातलं काम थांबतं. वास सकाळी येतो खरा, पण मला तो सकाळचा वाटतच नाही. तो संध्याकाळचा आहे, सोनपेठचा आहे, प्रार्थनेला बसलेल्या एका बाईच्या पदराचा आहे.

ती माझी मोठीमाय, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून माझी शाळा तिच्या घरी राहून झाली. घर गावाच्या अगदी कडेला होतं. मागच्या कुडापलीकडे मेंढपाळांची वस्ती; त्यांची मेंढरं कोंडलेली असत आणि दिवेलागणीला कोकरांचा कालवा उठे. आमच्या ख्रिस्ती माणसांची घरं गावात मोजकीच. श्रद्धा आमच्या घरात किती पिढ्यांपूर्वी आली, कुणी आणली, हे कुणाला नीटसं सांगता येत नसे. पण शेजारी तुळशीपुढे दिवा लागला की आमच्याकडे सतरंजी अंथरली जाई, हे आंब्याला मोहोर यावा इतकं ठरलेलं. मोठीमाय भाकरी थापून, तुराट्यांची चूल निववून, हात पदराला पुसत येऊन बसे. मी तिच्या शेजारी बसत असे. शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, मला आज आठवतात ते सगळे उतारे त्या धुराच्या वासातून गाळून आलेले आहेत.

तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, एसटीत वाहक होते. दिवसभर गावांची नावं पुकारून कमावलेला त्यांचा आवाज खणखणीत होता, आणि शास्त्रही ते त्याच आवाजात वाचत. जणू प्रत्येक वचन हा एक थांबा आहे आणि उतरणाऱ्यानं वेळेवर उठावं. वाचन झालं की ते दोन शब्द बोलत. त्यात विद्वत्ता नसे. दिवसभरात गाडीत जे दिसलं त्यातलंच काहीतरी असे. एकदा म्हणाले, "आज पाथरीला गाडी भरली व्हती. एक बाई दोन लेकरं घेऊन खाली उभी, चढता येईना. आतल्या एका बाईनं खिडकीतून हात काढले अन् म्हणली, आण ते लेकरू हिकडं. वळख न्हाई, पाळख न्हाई. देवाचं राज्य कसं आसंल इचाराल तर मला एवढंच सांगता येतं." मग सगळ्यांनी मिळून प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायची आणि जेवायला उठायचं. पाळकसाहेबांकडे आसपासची बरीच गावं असल्यानं ते महिन्यातून एखाद्या रविवारी येत. एरवी चर्चमध्येही उपासना मोठे बाबाच चालवत.

त्यांना एकच मुलगी. आम्ही तिला ताई म्हणायचो. ती परभणीला नर्सिंग शिकत होती आणि शनिवारच्या गाडीनं घरी येत असे. तिला गाता येत नव्हतं, पण गायची हौस दांडगी. गीत सुरू झालं की तिचा सूर वेगळ्याच शिवारात जायचा; मोठे बाबा डोळे मिटूनच हसायचे आणि मोठीमाय तिला कोपरानं ढोसायची. मी शेवटच्या इयत्तेत होते त्या वर्षी, पावसाळा सरता सरता, ताई घरी आली ती तापानं फणफणलेली. आधी साधा ताप वाटला. मग मान ताठ झाली, उजेड सहन होईना. तिला परभणीला हलवलं तोवर ती बेशुद्ध झाली होती. ताप मेंदूत गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चर्चच्या मंडळीनं उपवास-प्रार्थना धरली. त्याच दिवसांत बाहेरगावचे एक उपदेशक सभेसाठी आले होते, तेही दवाखान्यात आले. उंच, देखणा, शुद्ध बोलणारा माणूस. त्यांनी ताईच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "भिऊ नका. मला दर्शन झालं आहे. ही मुलगी स्वतःच्या पायांनी घरी चालत जाईल." मोठीमायनं त्यांचे पाय धरले. आमच्यात असे कुणाचे पाय धरत नाहीत. पण तिला तेव्हा भान नव्हतं. ती ताईची चप्पल पुसून खाटेखाली ठेवून आली. उठल्यावर लागेल म्हणून.

ताई गेली. माती देताना तेच उपदेशक बोलायला उभे राहिले. म्हणाले, कुठेतरी विश्वास कमी पडला. ज्यानं त्यानं आपलं अंतःकरण तपासावं. आणि शेवटी म्हणाले, असो, प्रभूची इच्छा. खड्ड्याच्या कडेला उभी असलेली मोठीमाय रडायची थांबली. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. बाजारात एखाद्यानं हातात दिलेली वस्तू घरी येऊन उघडावी आणि आत भलतंच निघावं, तशी काहीशी होती.

घरी सतरंजी अंथरणं थांबलं नाही. मोठ्या बाबांनी दुसऱ्याच संध्याकाळी शास्त्र उघडलं. दोन शब्द मात्र बोलले नाहीत. ते पुढे कित्येक महिने बोलले नाहीत. नुसतं वाचून प्रार्थनेवर यायचे. पहिल्या काही दिवसांत माझ्या ध्यानात आलं नाही, पण एका संध्याकाळी शेजारचा आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटला. मी डोळे किलकिले करून पाहिलं. देवाची इच्छा स्वर्गात होते तशी इथं भुईवरही व्हावी, असं जिथं मागायचं असतं तिथं मोठीमायनं ओठ घट्ट मिटले होते. ओळ सरली, आणि ती पुन्हा आमच्यात मिसळली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. वाटेतला ओढा ओलांडताना माणूस श्वास धरतो, तशी ती त्या ओळीवरून रोज जात होती.

मोठ्या बाबांना ते ऐकू येत नसेल असं कसं म्हणू? भरल्या गाडीत मागच्या बाकावर कुणी पुटपुटलं तरी ओळखणारा माणूस तो. पण ते काही बोलले नाहीत. बोलली ती मंडळीतली एक वयस्क बाई, जी अधूनमधून आमच्याकडे प्रार्थनेला येई. उठता उठता तिनं मोठीमायला हटकलं, "ती वळ तू म्हणत न्हाईस. मी ऐकलंय. पाप हाय ते."

"खोटं बोललेलं चालंल का मग?" मोठीमाय सतरंजीची घडी घालत म्हणाली.

"खोटं कामून? त्याची मर्जी माणसानं मानायचीच आसती."

"लेकरू त्याच्या मर्जीनं गेलं का विश्वास नव्हता म्हणून गेलं, ते एकदा ठरवा तुमी. मला दोन्ही सांगून झालंय. मी रोज त्याच्यापुढं बसायलेय. उठून गेले न्हाई. पण तोंडदेखलं बोलणार न्हाई त्याच्याशी."

ती बाई गेली ती पुन्हा आली नाही. आणि त्यानंतरच्या एका संध्याकाळी आम्ही त्या ओळीशी आलो आणि माझा एकटीचाच आवाज खोलीत उरला. कोवळा, एकटा, घाबरलेला. मोठे बाबाही गप्प झाले होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ बंद. ओळ संपेपर्यंत ते तिच्यासोबत त्या अबोल्यात उभे राहिले आणि मग दोघं मिळून पुढं निघाले. नवरा-बायकोच्या प्रेमाबद्दल मी नंतर पुष्कळ ऐकलं, वाचलं. पण माझ्या मनात त्या शब्दाला चेहरा आहे तो त्या दोन मिटलेल्या तोंडांचा.

घरात जे जपलं ते चर्चमध्ये लपलं नाही. एका रविवारी उपासना चालवताना मोठे बाबा त्या ओळीपाशी आले आणि त्यांचा आवाज थांबला. मुद्दाम नसावं, सवय गळ्यात बसली होती. माणसं चार शब्द सवयीनं पुढं गेली, मग अडखळली, मग सगळं चर्चच गप्प झालं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल जाताना ऐकू आली. मंडळीचे पंच त्याच आठवड्यात घरी आले. माणसं वाईट नव्हती. चहाही नीट पिऊ शकली नाहीत. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "तुमचं मन थाऱ्यावर येईस्तोवर पुढं उभं राहू नका. लहान लेकरं बघतेत." मोठे बाबा नुसतं "बरं" म्हणाले. त्यांनी शास्त्राशिवाय आयुष्यात दुसरं काही मिरवलं नव्हतं, आणि ते एका "बरं"मध्ये देऊन टाकलं. पुढल्या रविवारपासून ते शेवटच्या बाकावर बसू लागले, दाराजवळ. ते मन थाऱ्यावर आलं का, हे विचारायला नंतर कुणी आलं नाही. त्यांना पुन्हा पुढं उभं राहताना मी पाहिलं नाही.

निवृत्त झाल्यावर दम्यानं त्यांना पोखरलं. मी शिकायला, मग नोकरीला परभणीला आले होते. सुट्टी मिळाली की जात असे. शेवटी शेवटी वाचायची पाळी मोठीमायवर आली. अक्षर अक्षर लावत ती वाचायची आणि ते उशीला टेकून ऐकायचे. शेवटच्या आठवड्यात मी तिथं होते. प्रार्थना झाली, आणि त्यांनी तिला जवळ बोलावलं. श्वासागणिक एक शब्द, असं ते बोलले. "तू नको म्हणूस. घाई करू नको. मी जातो अन् इचारतो त्याला." मोठीमायनं त्यांच्या छातीवरचं पांघरूण सारखं केलं. "इचारा," एवढंच म्हणाली.

त्यांना माती दिली त्या दिवशी पाळकसाहेबांनी प्रार्थना सांगितली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहवलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी सोनपेठला गेले होते, तेव्हाची गोष्ट. कुडापलीकडच्या मेंढपाळाच्या सुनेचं लेकरू गेलं. नुकतं पळायला लागलेलं, मेंढरांच्या पायांत खेळणारं पोर. गवताच्या गंजीपाशी त्याला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे थेट कुणी म्हणत नाही. दवाखान्यापर्यंत नेईस्तोवर अंग निळं पडलं. आम्ही गेलो तेव्हा अंगणात बायांचा घोळका बसलेला आणि जी येईल ती त्या पोरीच्या पाठीवर हात फिरवून एकच म्हणत होती, देवाची मर्जी बाई, आपल्या हातात काय हाय. पोरगी दगडासारखी बसली होती. दूध भरून आल्यानं तिचं लुगडं पुढून भिजलं होतं, आणि तेही तिला कळत नव्हतं.

मोठीमाय बायांमधून वाट काढत गेली आणि तिच्या शेजारी मातीतच बसली. पुष्कळ वेळानं त्या पोरीनंच विचारलं, "मावशे, तुमी त्याचं पुस्तक वाचता. खरं सांगा. ही त्याची मर्जी हाय का?"



"न्हाई," मोठीमाय म्हणाली. "मग काय हाय, ते मला ठाव न्हाई. पण लेकरू न्यायची मर्जी आसलेला देव माझ्या वळखीचा न्हाई."

तेव्हा ती पोरगी रडली. मेंढरंसुद्धा दचकून कुडाला लागली असं ओरडून रडली. मोठीमायनं तिला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या पदरानं तिचं भिजलेलं अंग झाकलं. पुढं कितीतरी दिवस ती रोज भाकर घेऊन तिकडं जात राहिली, तोंडातून शास्त्राचा शब्द न काढता. तेव्हापासून गावात कुणाचं लेकरू गेलं की तिला निरोप येतो. जात-धर्म बघून येत नाही. चर्चमधली तीच वयस्क बाई, नातू गेला तेव्हा, हिच्याच गळ्यात पडली म्हणतात. मोठीमाय जाते, मातीत बसते, आणि त्या घरात तेवढा वेळ कुणी मर्जीचं नाव काढत नाही.

आता ती फार थकली आहे. गेल्या महिन्यात मी जाऊन आले. तिला दिसत कमी असल्यानं वाचलं मी. मग मी विचारलं नसताना तिनं सांगितलं, "तुझ्या मोठ्या बाबानं इचारलं का न्हाई, कळत न्हाई बाई. उत्तर तर आलं न्हाई. पण त्या पोरीच्या अंगणातून आल्यापून एक डोक्यात घोळायलंय. ते मागणं हाय. त्याच्या मर्जीनं सगळं व्हतच आसतं, तर व्हऊ दे म्हणून रोज मागायला कामून लावलं आसतं? म्हंजी हितं अजून व्हईना झालंय. त्यालाबी ठाव हाय, व्हईना झालंय."

आम्ही हात जोडले. त्या ओळीपाशी माझा आवाज आपोआप खाली आला, आणि इतक्या वर्षांनी शेजारून तिचा आला. त्यात शरणागती नव्हती. मान खाली नव्हती. कचेरीच्या बाकावर बसवून ठेवलेल्या, पाय सुजलेल्या बाईनं आत जाणाऱ्याला अडवून विचारावं, माझं काम कधी करता, तसा तो आवाज होता. चिडका, चिरका, दमलेला. माणसाला गमावलेलं परत मिळत नाही, हे मला आता पक्कं कळलं आहे. श्रद्धाही बहुधा पहिल्यासारखी परत मिळत नाही. मिळतो तो तिच्या जागी उगवलेला एक हट्ट. ती ओळ म्हणून तिला धाप लागली. मी थांबले. तिनं श्वास गोळा केला, माझा हात दाबला, आणि मग आम्ही दोघी पुढची ओळ म्हणू लागलो, जिच्यात फक्त आजच्यापुरती भाकर मागायची असते.