पिंजारी चाचांची तात

देवाने माणसाला कान दोनच दिले खरे, पण आमच्या शेजारच्या पिंजारी चाचांना ते देताना त्याचा हात चांगलाच सैल सुटला असावा. पौडपासून ताम्हिणीपर्यंत चाचांनी गादी भरली नाही असं घर नव्हतं, आणि भरण्याआधी ती ऐकली नाही अशी गादी नव्हती. हो, ऐकली! पिंजणीची तात, म्हणजे कापूस पिंजायच्या त्या लांबलचक धनुष्याला ताणून बांधलेली आतड्याची दोरी, सुरात लागल्याशिवाय चाचा कापसाला शिवत नसत. गिऱ्हाईक ओट्यावर ताटकळलेलं आणि हे आपले तात आवळताहेत, टणत्कार करताहेत, मान हलवून पुन्हा सोडताहेत. एकदा पाटलांच्या अंगणात, त्यांनी नवा म्हणून आणलेल्या कापसावर दोनच ठोके मारून म्हणाले, "वैनी, ह्यात जुन्या गादीचा कापूस हाय. ऐका की, खोकतोय." पाटलीणबाईंनी पाटलांकडे बघितलं, आणि पाटलांना एकदम शेतावरचं काम आठवलं.

मी तेव्हा पौडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. चाचांनी एकदा भर तासाला खिडकीतून डोकं आत घातलं. "मास्तर, घंटा रडतीया तुमची. दोरी बदला तिची." मुख्याध्यापक भडकले. शिपायाने मात्र गुपचूप दोरी बदलली आणि घंटा खरोखरच गोड वाजायला लागली. आता बोला!

एवढ्या कानाच्या माणसाची इच्छा एकच होती, की आपली तात एकदा तरी चारचौघांत वाद्य म्हणून वाजावी. एका गुरुवारी ते पिंजणी खांद्यावर टाकून थेट भजनात जाऊन बसले. पेटीवाले बुवा म्हणाले, "चाचा, हितं काय गाद्या भरायच्या हायेत व्हय?" सगळे खो खो हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? चाचा पिंजणी उचलून उठले. घरी जाताना मला एवढंच म्हणाले, "गाती हो ती मास्तर. ऐकनारा न्हाई, एवढंच."

त्यानंतर दोनेक वर्षांनी, हिवाळ्यात, मुळशीच्या धरणावरच्या बंगल्यात हंगेरी देशाचे सात वादक उतरले. तीन-चारशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जशी वाद्यं असत तशीच हुबेहूब घडवून त्यांच्यावर त्याच काळचं संगीत वाजवणारी ही मंडळी. पुण्याचा कार्यक्रम आटोपून एक दिवस पाणी बघायला आली होती, आणि दुपारी चारला व्हरांड्यात गावकऱ्यांसाठी वाजवायलाही कबूल झाली होती. दुभाष्या म्हणून मला बोलावणं आलं. बघतो तर अंगणात चाचा! पाहुण्यांसाठी गाद्या पिंजायला आलेले.

चाचांना आता कसला दम निघतो? कापूस टाकून ते वाद्यांभोवती फिरायला लागले. हे काय, ते काय, ह्याचं पोट पोकळ का, त्याची मान वाकडी का. एक पांढऱ्या मिशांचे आजोबा सारंगीच्या थोरल्या भावासारखं माणूसभर उंचीचं वाद्य गुडघ्यांत धरून बसले होते. चाचांनी त्याच्या तारा चाचपल्या, बोटांचा वास घेतला आणि ओरडलेच, "मास्तर, आतडं! अहो, ह्यांच्यात बी पिंजारी हायेत!" मग एकदम गंभीर झाले. "त्यांना सांगा, हे उंच टांगा. उंदराला ह्याचा लई सोस. मी माझी आढ्याला टांगतो."

आता परदेशच्या पाहुण्यांना आमच्या बंगल्यात उंदीर आहेत हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी हसून इंग्रजीत म्हणालो, "ते तुमच्या वाद्यांचं फार कौतुक करताहेत." आजोबांनी मान लववली. चाचांना वाटलं, निरोप पोचला.

पाहुणे जेवून परत येईतो उंदरांनी आपलं जेवण उरकलं होतं. थोरल्या वाद्याची सर्वांत जाड तार कुरतडून तुटलेली, आणि राखीव तारांची पिशवी तर पार फस्त. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. खालच्या सुराशिवाय बाकीच्यांनी वाजवायचं कशाच्या जोरावर? बाहेर मुळशीपासून पौडपर्यंतची माणसं येऊन बसली होती, आणि त्यांत पेटीवाले बुवा अगदी पुढे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. निरोप पोचलाच नव्हता, हे त्यांना कळलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते गेले, पिंजणी उतरवली आणि तात सोडायला लागले. ती तात त्यांच्या वडिलांनी वळलेली होती. "मास्तर, आता तरी समदं सांगा. म्हनावं, माझ्या बाच्या हातची हाय. ऊन लागलं की बदलती, घडीघडी सुरात घ्यावी लागंल."

या वेळी मी शब्द न् शब्द सांगितला. आजोबांनी तात बोटांत फिरवली, वाद्याला चढवली आणि दोघं समोरासमोर बसले. एक खुंटी पिळतोय, दुसरा बोट वर-खाली करतोय. भाषा कोणाला हवी होती? माझं काही कामच उरलं नाही.

चारचे साडेचार झाले आणि वाजायला लागलं. ते संगीत आम्हाला कोणाला कळलं म्हणावं तर तसं नाही, पण तो खालचा सूर आला की छातीत काहीतरी हलायचं. बुवा मागे वळून हळूच म्हणाले, "चाचा, ही तुमची तात व्हय?"

"गप बसा," चाचा म्हणाले. "ऐका." त्यांचे डोळे भरून आले होते.

निघताना आजोबा तात सोडायला लागले, तर चाचांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या म्हनावं. तिला तिची जागा घावली." पुढे पुण्याहून नवी तात आली, तिने कापूसही झकास पिंजला, पण चाचांनी तिचं कौतुक म्हणून कधी केलं नाही.

मी रेडिओ घेतला तेव्हापासून चाचा संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसत. "हंगेरी लावा." हंगेरी काही लागायची नाही, पण खरखरीतून कुठलंतरी परदेशी वादन सापडायचं. चाचा कान लावून ऐकत आणि मान हलवत. "न्हाई. ही आपली न्हवं." वर्षानुवर्षं हेच चाललं. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येईनासं झालं. शाळेच्या घंटेला नावं ठेवणंही त्यांनी सोडून दिलं.

एका संध्याकाळी रेडिओवर असंच काहीतरी जाड आवाजाचं वाजत होतं. चाचा रेडिओला कान टेकवून बसले होते. एकाएकी त्यांनी बोट वर केलं आणि माझा हात घट्ट धरला. "मास्तर, हीच! बाची तात!" वादन संपलं, निवेदक इंग्रजीत बोलायला लागला. लंडनचे कोणीतरी वादक होते.

"काय म्हनला?" चाचांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "हंगेरी म्हणाला, चाचा. हंगेरी."