खंडेनवमीचा बिनचाकी टेम्पो

माझ्या सासूबाई माझ्याशी थेट बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. जावयाशी अघळपघळ बोलायचं नाही ही त्यांच्या माहेरची रीत, आणि रीत मोडण्यापेक्षा त्यांना हाड मोडलेलं चालतं. त्यामुळे मी समोर ताटावर बसलेलो असलो तरी त्या माधवीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगतात, "त्यांना विचार, आमटी वाढू का." मी माधवीला सांगतो, "हो म्हणावं." तोपर्यंत माधवी वाढून मोकळी झालेली असते.

सासूबाईंचा वारज्यात बासुंदीचा धंदा. सासरे गेले, त्यांचं लेथचं वर्कशॉप बंद पडलं आणि त्याच गाळ्यात सासूबाईंनी शेगड्या मांडल्या. वर्कशॉपमधल्या दोनच गोष्टी उरल्या होत्या: हत्यारांची पेटी आणि एक जुना टेम्पो. टेम्पो माधवी चालवायची. मला येत नव्हता. मी अमरावतीहून आलेला सॉफ्टवेअरवाला (तेव्हा नुसतं 'सॉफ्टवेअर' म्हटलं की पुण्यात मुलगी मिळायची, पुढचं कोणी विचारत नसे).

या टेम्पोचे शॉकप गेले होते. (शॉकॲब्सॉर्बर म्हणायचं असतं, पण तसं म्हणणाऱ्याला दुकानदार ताटकळत ठेवतो.) हडपसरच्या एका कारखान्यात पहिल्यांदा बासुंदी पाठवली, तेव्हा टेम्पो प्रत्येक खड्ड्यात उडाला आणि निम्मी बासुंदी टेम्पोनेच खाल्ली. तिथले मॅनेजर म्हणाले, "बाई, खंडेनवमीच्या जेवणाला अजून एकदा बघू. तेव्हाही सांडली, तर कॅन्टीनचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल." सासूबाई घरी येऊन टेम्पोतली सांडलेली बासुंदी पुसत बसल्या. त्या कॅन्टीनवर त्यांचा सगळा धंदा उभा राहायचा होता. त्यांचा तो चेहरा बघून मला मनापासून वाईट वाटलं.

वाईट वाटलं की माणूस चहा करून देतो, धीर देतो. मी म्हणालो, "शॉकप मी घरीच बदलतो."

"त्यांना विचार, आधी कधी बदललेत का," सासूबाई माधवीला म्हणाल्या.

"तत्त्व समजलं की झालं," मी म्हणालो.

"तत्त्व टेम्पोला समजतं का, तेही विचारून घे."

नवे शॉकप आणले. आमच्या ऑफिसात सुट्ट्या अमेरिकेच्या पंचांगाने मिळायच्या. तिकडे कसलीशी सुट्टी होती म्हणून कारखान्याच्या जेवणाच्या आदल्या दुपारी मी आणि माधवी टेम्पोखाली शिरलो. मोठं काम तुकडे पाडून एकाच वेळी करायचं, असं मी ऑफिसात शिकलो होतो. "डावी बाजू तुझी, उजवी माझी," मी म्हणालो.

"अहो, एक बाजू तशीच ठेवायची असते," माधवी म्हणाली. "काय कुठे होतं ते बघायला. बाबा तसंच करायचे."

"लक्षात राहतं गं."

संध्याकाळपर्यंत टेम्पो विटांच्या ढिगांवर, चारही चाकं भिंतीला, जुने शॉकप अंगणात, आणि नट, वायसर, रबरं असं सगळं एका पातेल्यात एकत्र. आता कुठलं रबर वर आणि कुठलं खाली, हे बघायला एकही बाजू शिल्लक नव्हती. मी पातेलं दोनदा हलवून बघितलं. मग जाहीर केलं की सकाळच्या उजेडात सुचेल.

सकाळी जुनी पँट चढवून खाली आलो. पेटी रिकामी होती. पाने, पकडी, हातोडी, जॅक, सगळे आंघोळ घातल्यासारखे लख्ख होऊन चौरंगावर बसले होते. प्रत्येकाला हळद-कुंकू लागलं होतं. जॅकच्या गळ्यात झेंडूचा हार होता. उदबत्ती जळत होती.

"आज खंडेनवमी ना," माधवी म्हणाली.

"मग कधी उचलायचे हे?"

"उद्या. दसऱ्याला."

खंडेनवमी मला माहीत होती हो. पण ती ऑर्डरची तारीख म्हणून. ऑफिसात आम्ही संगणकावर फूल ठेवायचो आणि पुढच्या मिनिटाला कीबोर्ड बडवायला लागायचो. मी धीर करून म्हणालो, "एकच पाना घेतो. पूजेला कळणारही नाही."

सासूबाई उदबत्तीकडे बघत माधवीला म्हणाल्या, "त्यांना सांग, तुझ्या बाबांनी आजच्या दिवशी कधी पान्याला हात लावला नाही. कारखान्यात काम अडलं, मालक दारात येऊन बसले, तरी नाही. माझी ऑर्डर गेली तरी चालेल." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी जॅकचा हार उगाचच सरळ केला. मला स्वतःला दोन मुस्काटात माराव्याशा वाटल्या.

भाड्याचा टेम्पो शोधायला धावलो. नाक्यावर ओळीने उभे होते, धुतलेले, हार घातलेले. मालक म्हणाला, "साहेब, आजच्या दिवशी कुठं गाडी हलवता?" शेवटी एक रिक्षा मिळाली. ती अजून धुवायची राहिली होती.

माधवी टेम्पोपाशी थांबली (विटा सरकायला लागल्या होत्या). रिक्षात सासूबाई, मी आणि माझ्या मांडीवर पंच्याने तोंड बांधलेलं बासुंदीचं पातेलं. पातेलं एवढं मोठं, की मला समोरचं काही दिसत नव्हतं. त्यात आमच्यामध्ये बोलायला माधवी नव्हती. पहिल्याच वळणावर सासूबाईंनी सोय करून घेतली.

"रिक्षावाले, त्यांना सांगा, डावीकडे कलतंय."

"दादा, मावशी म्हणत्यात डावीकडं कलतंय."

"सांभाळतो म्हणावं," मी म्हणालो.

"दादा सांभाळतो म्हणत्यात, मावशी."

"त्यांना सांगा, पुढे खड्डा आहे. पाय टेकवून बूड उचला म्हणावं."

रिक्षावाल्याने तेही जसंच्या तसं सांगितलं. मी पाय टेकवून अधांतरी झालो. खड्डा आला की गुडघे वाकवायचे, गेला की सरळ करायचे, आणि पातेलं मात्र जागच्या जागी. स्वारगेट येईपर्यंत मांड्या भरून आल्या, आणि हडपसरला पोचेपर्यंत त्या माझ्या आहेत की नाहीत हेच कळेना.

रिक्षा फाटकाबाहेरच थांबवून पातेलं आत नेलं. मॅनेजर दारातच उभे होते. त्यांनी स्वतः पंचा सोडला, झाकण उचललं आणि वाकून बघितलं. बासुंदी काठोकाठ होती, साय जराही मोडली नव्हती. ते म्हणाले, "वा, बाई. दसऱ्यानंतर कॅन्टीनचं काम तुमचंच. टेम्पोला नवे शॉकप बसवलेत वाटतं?"

"शॉकप घरीच पडलेत," सासूबाई म्हणाल्या. "मांडी जावयांची होती."

लग्न झाल्यापासून माझ्या बुद्धीबद्दल त्यांनी कधी चांगला शब्द काढला नव्हता. मांडीबद्दल काढला.