टेस्टिंगमधली म्हैस

कुणी “चालतंय की” म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. कोल्हापुरात राहून हे सांगणं अवघडच आहे, कारण इथं दर दुसरं माणूस तेच म्हणतं. पण मी ज्या ऑफिसात होते, तिथल्या सरांनी त्या दोन शब्दांवर अख्खी कंपनी चालवली होती.

दूध संस्थांसाठी आम्ही एक वेब अ‍ॅप्लिकेशन केलं होतं. जनावर आजारी पडलं की घरच्यांनी मोबाइलवरून कळवायचं, त्या भागाच्या डॉक्टरांना मेसेज जायचा आणि डॉक्टर कुठं निघालेत ते घरच्यांना दिसायचं. हा प्रोग्रॅम आमच्या कॉम्प्युटरवर चालायचा, टेस्टिंगच्या सर्व्हरवर चालायचा आणि लोक वापरत होते त्या लाइव्ह सर्व्हरवर चालायचा. माहिती कुठून घ्यायची, मेसेज कुणाला पाठवायचे, हे सेटिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं हवं. आमच्याकडे ते प्रोग्रॅमच्याच पोटात एका फाइलमध्ये लिहून ठेवलेलं होतं. काम करताना हातानं बदलायचं, झालं की हातानं परत पहिल्यासारखं करायचं.

“सर, हे बाहेर काढू या. ज्या सर्व्हरचं सेटिंग त्याच सर्व्हरवर राहू दे,” मी म्हणायची. दर मीटिंगला म्हणायची.

“अगं, चालतंय की. आधी नवीन क्लायंट बघू.”

त्या पावसाळ्यात नवीन क्लायंट आले. टेस्टिंगमध्ये आम्ही ‘अबक’, ‘टेस्ट म्हैस’ असली नावं भरलेली होती. पाहुण्यांसमोर ती बरी दिसेनात, म्हणून सरांनी सकाळी लाइव्हचं सेटिंग, म्हणजे खऱ्या लोकांची नावं आणि नंबर, टेस्टिंगवर चढवलं. कुणाला बोलले नाहीत. मग भडंग-चहा झाल्यावर मोठ्या स्क्रीनवर त्यांनी राधानगरीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतलं नाव निवडलं आणि ‘म्हैस विताना अडली आहे, तातडीनं या’ हे बटण दाबलं. ‘डॉक्टरांना मेसेज गेला’ असं हिरव्या अक्षरांत उमटलं. पाहुणे खूश झाले. मी तिथंच बसले होते. नाव खरं दिसलं, तरी टेस्टिंगची स्क्रीन म्हणून मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भागाचे डॉक्टर ऑफिसात आले. रेनकोटसुद्धा काढला नाही.

“काल मला त्या वाडीला कुणी पळवलं?” ते दारातूनच ओरडले. “ओढ्याला पाणी होतं. गाडी अलीकडं ठेवून चालत वर गेलो. मालक निवांत जेवत बसलावता. म्हणतोय कसा, पावणं, आमची म्हस भाकड हाय, ती कशाला अडंल? आणि त्याच वेळी खालच्या गावात एक म्हैस खरंच अडली होती. वर रेंज न्हाय. मी येस्तोवर म्हैसबी गेली आणि पोटातलं रेडकूबी.”

सर खुर्चीतून उठले. “सॉरी डॉक्टर. आमच्या मुलीकडनं टेस्टिंगमध्ये चूक झाली.”

मुलगी म्हणजे मी. माझ्या कानशिलात आग उठली. हा माणूस माझ्यासमोर, माझ्याकडं न बघता हे बोलत होता.

“बटण तुम्ही दाबलंत, सर. सेटिंग मी बदललं नाही, म्हणजे तेही तुम्हीच बदललंत.”

“आपण नंतर बोलू.”

“नंतर नाही. आत्ता सांगा त्यांना.”

“तुमचं भांडण तुमच्याजवळ ठेवा,” डॉक्टर म्हणाले. “खाली जिची म्हैस गेली, त्या बाईला जाऊन कोण सांगणार?”

सरांनी मोबाइल काढून काहीतरी वाचायला घेतलं. मी पर्स उचलली आणि डॉक्टरांच्या गाडीत जाऊन बसले.

ती बाई माझ्या आईच्या वयाची होती. गोठा धुऊन काढला होता आणि ती उंबऱ्यात बसून होती. डॉक्टरांनी सांगितलं, “मोबाइलवरचं ते ह्या बनवतात.”

“फोनवर दिसत हुतं की,” ती मला म्हणाली. “डॉक्टर वरच्या वाडीला गेल्यात म्हणून. मी बघतच बसलो. म्हटलं, तीबी कुणाच्या तरी घरची म्हस हाय, तिचाबी जीव हाय.” मग तिनं विचारलं, “ती तरी वाचली न्हवं?”

मला वाटलं, खोटं बोलावं. वाचली म्हणावं.

“मावशी, तिथं म्हैस अडलीच नव्हती. ऑफिसात पाहुण्यांना दाखवायला बटण दाबलं होतं.”

“दाखवायला?”

“हो.”

ती उंबऱ्यातून उठली. “मग जावा तुम्ही,” ती म्हणाली. “ह्या घरात तुमास्नी च्या न्हाय मिळायचा.” आत गेली आणि दार लावून घेतलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या न अडलेल्या म्हशीची तिनं काळजी केली होती, हे सोसेना.

ऑफिसात परत आल्यावर मी कुणाला न विचारता काम सुरू केलं. सगळी सेटिंगं प्रोग्रॅमच्या बाहेर काढली. टेस्टिंगच्या सर्व्हरवरून खरे नंबर, खरे पासवर्ड पुसून टाकले. आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हे सांगितल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होणार नाही, अशी अट घातली.

“आणि क्लायंटसमोर सुरू नाही झालं तर?” सरांनी विचारलं.

“तर नाही होऊ दे.”

मी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी थांब म्हटलं नाही. पुढं एका कार्यक्रमात ते स्टेजवरून सांगत होते, आमच्याकडं टेस्टिंग आणि लाइव्ह कधीच एकमेकांत मिसळत नाही, ही आमची पहिल्यापासूनची शिस्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मधूनच उठून बाहेर आले, नाहीतर तिथंच ओरडले असते.

नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मी विचारलं, टेस्टिंगमध्ये खरे नंबर आहेत का? शेजारचा हसून म्हणाला, “थोडे आहेत.”

“कुठले, ते दाखव,” मी म्हटलं आणि त्याच्याच खुर्चीवर बसले.