किन्हीराजात वाकवलेला तांब्याचा पाईप

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी बाबा म्हणाले, "उद्या अनसिंगला जाऊ. सुशीलाला गाडीतून फिरवून आणतो." सुशीला म्हणजे अनसिंगला राहणारी माझी आत्या. गाडी म्हणजे बाबांची जुनी पांढरी गाडी, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली, वयानं माझ्याहून मोठी. मी तोंड वाकडं केलं; ती भंगारात काढा, असं मी कधीची म्हणत होते. तेव्हा बाबांनी, म्हणजे निवृत्त हेडमास्तरांनी, अट घातली, "रस्त्यात थांबली, तर परत आल्यावर मीच भंगारवाल्याला फोन करीन. शब्द." बाबा शब्द पाळतात, हीच त्यांच्याबरोबर राहण्यातली पंचाईत आहे.

सकाळी सातला अमरावती सोडलं. कारंजात तर्री-पोहे खाल्ले (तीस रुपये प्लेट, तर्री मागाल तितकी). पुढं दोन्ही बाजूंना पिवळी फुललेली तूर. मंगरूळपीरवरून अंतर कमी पडतं, पण बाबांचा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या रस्त्यावर जीव. शेलूबाजारला पेट्रोलचा वास आला. खाली वाकून पाहिलं, तर पाईपमधून थेंब गळत होता. बाबांनी डिकीतून धुण्याच्या साबणाची वडी काढली. बारीक गळती साबणानं थांबते, जुने ड्रायव्हर तेच करत आलेत. पण हेडमास्तरांना हलकं रगडणं माहीत नाही. गंजलेल्या पाईपला छिद्राच्या जागी चीर पडली आणि पुढं किन्हीराजा गावात गाडी थांबली.

 बाबा बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी जिंकले होते आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

समोरच फवारणी पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. मालक गजाननभाऊ हात पुसत आले. "काहून थांबले काकाजी?" गाडीखाली शिरले आणि खालूनच ओरडले, "साबन कोनं रगडला? पाईप तं पुरा सडला. हात लावला का पापड!"

"मीच," बाबा म्हणाले. "कसातरी जोडून द्या."

"जोड कायले? उद्या तिथूनच गळंन. टाकीपासून इंजिनच्या पंपापर्यंत एकच पाईप टाकतो."

त्यांनी दुकानातलं वेल्डिंग बंद केलं, शेजारच्या चहावाल्याला शेगडी विझवायला लावली, उरलेलं पेट्रोल डब्यात काढलं. मग मोटरसायकलवर मालेगावला जाऊन फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या पाईपचं वेटोळं घेऊन आले. जुन्या पाईपचे तुकडेच झाले होते, मग माप कशावरून घेणार? त्यांनी बांधकामाची जाड तार घेतली, गाडीखाली आडवे झाले आणि डोळे मिटून ती तार चाचपत बसवत गेले. बाहेर आली तेव्हा त्या तारेत गाडीच्या पोटातलं एकूण एक वळण होतं.

मग तांब्याच्या पाईपमध्ये चाळलेली रेती ठासून भरली. "रेती नसली तं वाकवताना चेपते," मला म्हणाले. दोन्ही तोंडं चिंधीनं बंद केली आणि तारेशेजारी धरून नुसत्या अंगठ्यांनी पाईप वाकवायला लागले. पट्टी नाही, खूण नाही. मी श्वास रोखून पाहत होते. आयुष्यात इतकं सुंदर काम मी समोरासमोर पाहिलेलं नाही, अगदी खरं सांगते. बाबा तर जमिनीवरच मांडी घालून बसले होते, विद्यार्थ्यासारखे.

"कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"शिकून राह्यलो ना अजून, काकाजी."

रेती झटकून काढली, हवेनं फुंकली, पेट्रोलनं पाईप धुतला, त्याची तोंडं पसरट फुलवली, गाडीखाली बसवून नट आवळले आणि डब्यातलं पेट्रोल परत टाकीत ओतलं. किल्ली दुसऱ्यांदा फिरवताच इंजिन लागलं. गजाननभाऊंनी मजुरी घेतली आणि ती तार बाबांच्या हाती दिली. "ठेवा. पुढच्याले माप शोधा नाई लागनार."

उन्हं उतरायच्या आत वाशीममार्गे अनसिंग गाठलं. आत्या पुढच्या सीटवर बसली आणि सबंध गावाला हात दाखवत फिरली. रात्री रोडगे, वांग्याची भाजी. बाबा मात्र जेवता जेवता सारखे दाराबाहेर गाडीकडे बघत होते, आणि का ते मला ठाऊक होतं.

घरी परतल्यावर बाबांनी खरोखरच फोन लावला. "बाबा, नको ना!" मी म्हणाले. "शब्द दिलाय," ते म्हणाले. तासाभरात भंगारवाला दारात हजर. बाबा आत गेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले गंजक्या पाईपचे तुकडे आणून त्याच्या तराजूत ठेवले.

"आणि गाडी?" त्यानं विचारलं.

"थांबला तो पाईप, गाडी नव्हे," बाबा म्हणाले. मग गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, आणि तार पोर्चमधल्या खिळ्याला अडकवली, माझा हात पोचेल इतक्या उंचीवर.