रंधा मशीन आणि तज्ज्ञ मंडळी

मशीन बंद पडलं की आमच्या भिंगारातल्या पुरुषांना जो उत्साह चढतो, तो घरच्या लग्नातही चढत नाही. लग्नात निदान काम अंगावर पडायची भीती असते. बंद मशीनपाशी नुसतं कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, मान हलवायची आणि "वाइंडिंग गेलं" म्हणायचं. त्यासाठी मोटर कशाशी खातात हे माहीत असावं लागत नाही.

त्या वर्षी दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं रंधा मशीन सुरू होईना. बाजाराच्या मागच्या गल्लीतला हा पत्र्याचा कारखाना अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. दारं, चौकटी, पलंग ही आमची कामं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा रडत बसण्यापेक्षा फळ्या रंधलेल्या बऱ्या म्हणून इथेच उभी राहिले. पुढे अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं मात्र सगळं. रोज सकाळी मी त्यांची चाकांची खुर्ची कारखान्यात आणते आणि ते मशीनचा आवाज ऐकत बसतात. आवाजात जरा फरक पडला की डावा हात वर करतात, मग मी पाती उतरवून धार लावते. डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाला ते तोंड फिरवतात, पण कारखान्यात यायला सकाळपासून तयार असतात.

माझ्या थोरल्या भावाला हे सगळं पसंत नव्हतं. तो एमआयडीसीत सुपरवायझर आहे. म्हणजे दुसरे काम करतात आणि हा बघतो. बाईमाणूस भुश्यात माखून रंध्यावर उभं राहतं याची त्याला लाज वाटायची. मी उभी राहायचे आणि पाय याचे दुखायचे! त्याने पारनेरचं एक गिऱ्हाईक मशीनसाठी कधीचं हेरून ठेवलं होतं. मशीन गेलं की कारखान्याला कुलूप, मी त्याच्या घरी पोळ्या लाटायला आणि अण्णा दिवसभर भिंतीकडे तोंड करून कॉटवर. यातलं शेवटचं मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी हिरवं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मोटर गुरगुरलीसुद्धा नाही. बोर्डावरचे तिन्ही फेजचे दिवे लागलेले. पट्टा हाताने ओढून पाहिला, तर पुली अलगद फिरली. म्हणजे वीज येत होती, मशीन कुठे अडकलं नव्हतं, आणि तरी मढं पडावं तसं गप्प. मी विचार करायला लागले होते. तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने भावाला फोन करून टाकला. वाईट बातमी पोचवायला आमच्या गल्लीत कुणाला उशीर होत नाही.

भाऊ आला तो खिशाला टेस्टर लावूनच. जिथे दिवे डोळ्यांना दिसत होते तिथेच टेस्टर टेकवून त्याने "करंट हाय" असं जाहीर केलं. मग मोटरजवळ वाकून नाक फुगवलं.

"वाइंडिंग जळालंय. वास येतोय न्हवं?"

वास येत होता. खंडेनवमीला मोटरशेजारी लावलेल्या धूपाची राख अजून तिथेच होती. मी तसं सांगितलं, तर म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?"

दुसरे तज्ज्ञ आमच्याच गल्लीतले, लष्करातून निवृत्त झालेले काका. तिथे ते नेमकं काय करायचे हे आजवर कुणालाही समजलेलं नाही, पण रणगाड्याखाली बोलणं उतरत नाही. त्यांनी माझीच लाकडी मोगरी घेऊन मोटरला दोन ठोके दिले आणि कान लावला. "लई थकलीय बिचारी," म्हणाले. तिसरा वाइंडिंगवाला, जळक्या मोटरींना नवी तार भरून देणारा. त्याने स्कूटरवरून उतरण्याचीही तसदी घेतली नाही. दारातूनच म्हणाला, "मोटर सोडा अन् पाठवून द्या. उघडून बघाया काय हाय त्यात?" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसा प्रकार. इथे बंब तिघे होते आणि आग कुठे आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं.

या गडबडीत अण्णा डाव्या हाताची पाचही बोटं एकत्र करून सारखी तोंडाकडे नेत होते.

"अण्णांला चहा द्या," भावाने हुकूम सोडला. चहा आला. अण्णांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने पुन्हा बोटं तोंडाकडे. पुन्हा चहा. या खेपेला त्यांनी कप ढकलला आणि सगळा चहा काकांच्या पायजम्यावर. "चिडचिडे झालेत लई," असं काकांनी निदान केलं. मोटरपेक्षा माणसाचं निदान त्यांना सोपं गेलं असावं.

भावाने टेम्पोवाल्याला फोन लावला. मग अण्णांसमोर उकिडवा बसून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हणाला, "अण्णा, सांच्याला टेम्पो येतोय. तवर चालू झालं तर ऱ्हाईल मशीन, न्हाई तर पारनेरला जाईल. चालंल ना?"

अण्णांनी डावा हात उंच केला.

"बघ. व्हय म्हन्ले," भाऊ माझ्याकडे वळला. मला असा संताप आला! ज्या माणसाने हयातभर त्या मशीनला पायताणाचा स्पर्श होऊ दिला नाही, तो हात वर करून ते विकायला हो म्हणेल? मी काही बोलणार तोच लक्षात आलं की हात नुसता वर नव्हता. अंगठा पुढे काढलेला होता आणि तो खांबाकडे होता.

खांबावर स्टार्टरची डबी आहे. वर हिरवं बटण, खाली लाल. हिरवं दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद. त्या डबीवर खंडेनवमीचा झेंडूचा हार होता आणि लाल बटण त्याच्याआड गेलं होतं. हार कुणी काढला नव्हता, कारण आमच्या कारखान्यात तो काढत नाहीत. पूजेचं चढवलेलं हाताने उतरवायचं नाही, मशीन सुरू झाल्यावर थरथरीने पडेल तेव्हा पडेल, ही अण्णांच्या वडिलांपासूनची रीत. तज्ज्ञ मंडळींनी तीनशे साठ अंशांतून मोटर पाहिली, पण हाराला हात लावायची एकाचीही छाती झाली नाही. विज्ञान तिथपर्यंतच.

आणि त्या हाराखाली मुंग्यांची रांग शिरत होती.

खंडेनवमीला अण्णा मशीनला पेढा भरवतात. इतर लोक नैवेद्य दाखवून स्वतः खातात, अण्णा तो मशीनच्या अंगाला चिकटवतात. वर्षभर लाकडं खातं, एक दिवस गोड खाऊ दे, असं ते पूर्वी म्हणायचे. एरवी मी खुर्ची पुढे लोटायचे आणि तो पेढा मशीनच्या टेबलाच्या पुढच्या कडेला लागायचा. यंदा मी नारळ फोडण्यात गुंतले होते आणि त्यांचं त्यांनी भरवलं. आता मी त्या कडेला पाहिलं, तर ती कोरी होती. खुर्चीतून डावा हात तिथवर पोचणारच नाही. पोचतो खांबापर्यंत. सकाळपासून तोंडाकडे जाणारी ती बोटं चहा मागत नव्हती, पेढा सांगत होती.

मी आधी मेन स्विच पाडला. सुपरवायझरसाहेबांना हे सकाळपासून सुचलं नव्हतं. मग हार उचलून बाजूला ठेवला. "अगं, अगं!" काका ओरडले. लाल बटण आत दबलेलं होतं आणि त्याच्या भोवतीच्या फटीत पेढा अंगठ्याने दाबून दाबून भरलेला, वाळून दगड झालेला. बटण बाहेर येतच नव्हतं. तोपर्यंत हिरवं कितीही दाबा, काय उपयोग? मी त्या तिघांकडे पाठ केली, केसातला आकडा काढला आणि फट कोरायला लागले.

कोरता कोरता मागे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली होती. भावाला हे कळलं तर काय होईल हे त्यांना माझ्याइतकंच दिसत होतं. म्हातारा आता नासधूस करतो, त्याला कारखान्यात आणू नका, असा निवाडा दुपारच्या आत झाला असता. सगळी गल्ली हसली असती. माझं तोंड तिखट आहे, खरं ते तोंडावर मारायची मला सवय आहे, आणि त्या तिघांना ऐकवायला त्या दिवशी काय काय जमलं होतं म्हणून सांगू! सगळं गिळलं. पेढ्याचा भुगा मुठीत धरला आणि पदराला पुसला.

बटण टकदिशी बाहेर आलं. मेन स्विच चढवला, हिरवं दाबलं. मशीन गरजलं.

"कशानं झालं?" भाऊ आवाजावर ओरडला.

"तू टेम्पो बोलावलास ना, त्याला घाबरलं," मी म्हणाले.

काका पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होते की मोगरीचे दोन ठोके नेमके बसले. सांगू दे. टेम्पो रिकामा परत गेला, भावाचं तोंड पुढचा आठवडाभर चहा न मिळाल्यासारखं होतं. अण्णांनी त्या दिवशी मात्र दोन कप चहा घेतला.

पुढच्या खंडेनवमीला मी डबीवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली आणि अण्णांची खुर्ची लोटत थेट टेबलाच्या कडेपाशी नेली. डाव्या हातात पेढा दिला. त्यांनी मशीनकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग मला खूण करून खाली वाकायला लावलं. भाऊ, वहिनी, काका, सगळे बघत होते. अण्णांनी पेढा मशीनला लावलाच नाही. माझ्या तोंडात घातला आणि अंगठ्याने आत दाबला.

मला काहीतरी बोलायचं होतं. पण या वेळी लाल बटण माझं दबलं होतं.