शुक्रवारी दुपारी तोडलेली वीज

इस्रायलमधल्या रामला शहराच्या पोलीस ठाण्यातली ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं.

त्या वर्षी आमच्या जुन्या वसाहतीचं वीजवाटप सरकारी कंपनीकडून एका खाजगी कंपनीकडे गेलं. रविवारी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच तिचा साहेब तक्रार घेऊन आला. नव्या करारावर सही केली नाही म्हणून त्यांनी शुक्रवारी एका घराची वीज तोडली होती, आणि कोणीतरी सील फोडून ती परत जोडली होती. "ही चोरी आहे. अटक करा," म्हणाला.

घर आमच्याच, भारतातून आलेल्या मराठी ज्यूंच्या बेने इस्रायली समाजातल्या एका म्हाताऱ्या काकांचं. जिन्यातल्या मीटरपाशी पंचनामा केला. जोडणी अगदी सफाईची होती, नवख्याचं काम नव्हतं. दहाच्या सुमारास निनावी फोन आला: शनिवारी सकाळी काका स्टुलावर चढून मीटरशी काहीतरी करत होते. मी हसून फोन ठेवला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या पवित्र विश्रांतीत, दिव्याच्या बटणालाही बोट न लावणारा माणूस तो! लहानपणापासून मी त्यांना प्रार्थनालयात पहिल्या रांगेत पाहिलेलं. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनला मी उचललं. दोन तास घाम काढला त्याचा. "मी नाही," यापलीकडे तो बोलेना.

दुपारी काका स्वतःच ठाण्यात आले.

"त्याला सोड. मी जोडली वीज. मुंबईत वायरमन होतो मी, विसरलास काय?"

"शनिवारी? काका, तुम्ही?"

"शुक्रवारी दुपारी तोडून गेले मेले. फोन केला तर ऑफिस बंद. तुझी काकी मशीनवर श्वास घेते. बॅटरी सकाळपर्यंत पुरली. अँब्युलन्स बोलावली, पण तिचे ओठ निळे पडायला लागले. मग काय, बघत बसू?"

आधी त्या इलेक्ट्रिशियनची माफी मागून त्याला घरी पाठवलं, मग जबाब लिहायला घेतला. सरकारी कंपनीकडे चौकशी केली तेव्हा कळलं, ज्यांची वीज कधीच तोडायची नाही अशा आजाऱ्यांची यादी त्यांच्याकडे होती, आणि काकीचं नाव त्यात होतं. मी खाजगी कंपनीच्या साहेबाला बोलावून विचारलं. तो थंडपणे म्हणाला, "ती यादी आमच्या हस्तांतराच्या करारात नव्हती."

खांब घेतले, तारा घेतल्या, मीटर घेतले, आणि माणसं तेवढी नको होती! वर दीड दिवस सगळं बंद राहणार हे ठाऊक असताना शुक्रवारी दुपारी वीज तोडायची, आणि चोर म्हणायचं काकांना? मी फाइलवर स्पष्ट शेरा मारला: जीव वाचवण्यासाठी केलेलं कृत्य, गुन्हा नाही. सरकारी वकिलांनी केस बंद केली. साहेबावर मात्र कुठलंच कलम बसेना. पुष्कळ शोधलं मी.

हे सांगायला मी काकांच्या घरी गेलो. काकी आत मशीनपाशी झोपली होती. काकांचा चेहरा काही उजळला नाही.

"जीव वाचवायला शब्बाथ मोडला तर दोष नाही, काका. धर्मच सांगतो," मी म्हणालो.

"ते तू मला शिकवू नको. पण सत्तर वर्षं पाळलेला शब्बाथ माझ्याकडून मोडवला कोणी, ते लिहिलंस का तुझ्या कागदात?"

नव्हतं लिहिलं. नोकरीत मी पुष्कळ चोर पकडले. पण ज्याच्या हातात करार असतो त्याने केलेला गुन्हा नोंदवायला आमच्याकडे रकानाच नव्हता, हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं.