जावयाची दारू

माझ्या बायकोच्या मामांइतका सारखेपणाचा भुकेला माणूस सिंगापूरसारख्या शिस्तीच्या गावातही दुसरा सापडायचा नाही. सेम्बावांगच्या गोदीत यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर यंत्रं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी माणसं घेतली. पोळ्यांबद्दल ते मामींना एक शब्द बोलत नसत, फक्त दोन पोळ्या उजेडाकडे धरून जाडी बघत. त्यापेक्षा ते बोलले असते तर बरं, असं मामी म्हणायच्या. इमारतीखालच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कॉफीवाल्याला ते रोज सांगत, "काल जास्त कडक होती." तो तिथल्या इंग्रजीत म्हणे, "सेम लाह, अंकल. सेम हँड." मामा मला बाजूला घेऊन म्हणत, "हात सेम नसतो, तिथेच सगळा घोटाळा आहे."

त्यांची एकुलती एक मुलगी सायली नोकरीसाठी पर्थला गेली आणि तिथल्याच एका उंच, अबोल गोऱ्या मुलाशी तिनं लग्न केलं. मामांचा विरोध नव्हता, पण जावयाशी बोलायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांना हवामान सांगत, मग मामा "ओके, ओके" म्हणून फोन मामींकडे देत.

एका रविवारी जावयाच्या पाठीमागे मामांना एक यंत्र दिसलं. जावई नेमबाज होता आणि तिकडे परवाना असल्यानं स्पर्धेची काडतुसं घरीच भरायचा. दांडा ओढला की चकती एक घर पुढे सरकते, एका घरात काडतुसात दारू पडते, पुढच्या घरात त्यावर गोळी बसते. पण दारू कधी कमी पडत होती, कधी जास्त. अशानं नेम तर जातोच, बंदूकही हातात फुटू शकते. स्पर्धा तोंडावर आली होती आणि तो वैतागून नाव मागे घ्यायला निघाला होता. मामा खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांनी त्याला चार दिवस थांबायला सांगितलं.

मग मला फोन आला. "ताबडतोब या. जावयाची दारू सारखी पडत नाहीये."

मामींनी एवढंच ऐकलं होतं. मी पोचलो तेव्हा देवापुढे दिवा होता आणि डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पिणारा वाटला नव्हता हो."

त्यांची समजूत घालून आत गेलो, तर मामांनी जेवणाच्या टेबलावर उलटी बाटली टांगून रव्याचे प्रयोग मांडले होते. इथे काडतूस घरात आणायची सोय नाही, पण रव्यावर कुणाची बंदी नव्हती. टेबल हललं की रवा दबून बसायचा, बाटली रिकामी होत आली की धार बदलायची. चौथ्या दिवशी मामांनी फोन लावला. जावयानं कॅमेरा यंत्राकडे वळवला, तर मामा म्हणाले, "नो मशीन. शो मी युवर हँड."

हात दिसला आणि मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. भरवसा असला की जावई दांडा पूर्ण ओढत होता, शंका आली की अर्ध्यावरून आस्ते सोडत होता. शिवाय प्रत्येक ओढीला त्याचं टेबल डुलत होतं. मामांनी आधी टेबल भिंतीला घट्ट आवळून घ्यायला लावलं, मग यंत्रावरची दारू साठवायची नळी अर्ध्याच्या वर भरलेली ठेवायला सांगितलं. "नाऊ फुल डाऊन, फुल अप. डोन्ट थिंक."

जावयानं दांडा ओढला, काट्यावर दारूचं वजन केलं आणि म्हणाला, "सेम." पुन्हा ओढला. "सेम." मामा उभे राहिले. मीही राहिलो. पुढच्या वजनाला मामीसुद्धा स्वयंपाकघरातून हातातला झारा घेऊन आल्या आणि आम्ही तिघं एका परक्या देशातल्या छोट्या तराजूकडे बघत राहिलो. "सेम," जावई म्हणाला आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा हसला.

स्पर्धेत त्याचा नंबर आला नाही. मामांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. यंत्र जुळलं त्या दिवशी काम संपल्यावरही दोघांपैकी कुणी फोन ठेवला नव्हता, ते मात्र मला आठवतं. जावयानं विचारलं, गोदीत तुम्ही नक्की काय करायचात? मामा सांगू लागले. जहाजांच्या पोटातला उकाडा, कानात दिवसभर घुमणारा घणाचा आवाज, सायली झाल्याची बातमी मिळाली तेव्हा तेलानं माखलेले दोन्ही हात.

मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. माझ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाही त्यांनी."